५.१ चे २.० कुठे होते? टीव्ही बॉक्सवरून सराउंड आवाजासह रेकॉर्डिंग करताना

टीव्ही बॉक्सला कॅप्चर कार्ड (बॉक्सचे चित्र-आवाज संगणकात घेणारे उपकरण) जोडले, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग सुरू केले, चित्र झकास आले. मग ती फाइल होम थिएटरवर लावली आणि मागचे स्पीकर मुके. या कामात नव्याने पडणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा हीच असते आणि खापर ओबीएसच्या माथी फुटते. ओबीएस क्वचितच दोषी असते. बॉक्स आणि कार्ड एकमेकांना जोडले जातात त्या पहिल्या सेकंदातच सहा चॅनलचे (५.१) दोन (२.०) झालेले असतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून इथे आपण आवाजाच्या वाटेनेच जाऊ: अ‍ॅप, बॉक्स, एचडीएमआय, कार्ड, संगणक, फाइल आणि शेवटी पुन्हा स्पीकर. पाणी कुठे मुरते ते प्रत्येक सांध्यावर तपासता येते. मात्र काही सांधे असे आहेत की तिथे वाट मुद्दाम बंद केलेली असते. पैसे टाकून सामान आणण्याआधी ते माहीत असलेले बरे.

आधी हे तपासा: रेकॉर्डिंग होणार आहे का?

सबस्क्रिप्शनच्या अ‍ॅपमधले चित्रपट, मालिका आणि क्रिकेटचे सामने बॉक्समधून बाहेर पडताना एचडीसीपी या कुलपात असतात. समोरच्या उपकरणाकडे त्या कुलपाची अधिकृत किल्ली आहे का, हे बॉक्स विचारतो. टीव्ही, साउंडबार, एव्ही रिसीव्हर यांच्याकडे ती असते. रेकॉर्ड करणाऱ्या कार्डांना ती दिलीच जात नाही. परिणामी पडदा काळा होतो, किंवा आवाज येतो पण चित्र येत नाही, किंवा अ‍ॅप थेट संदेश दाखवते. ४केसाठी बहुतेक ठिकाणी एचडीसीपी २.२ लागते, त्यामुळे जुन्या रिसीव्हरमधून गेलेले ४के आपोआप खालच्या दर्जावर येते किंवा दिसतच नाही.

बाजारात काही स्वस्त स्प्लिटर हे कुलूप गुपचूप काढून टाकतात आणि दुकानदारही ते डोळा मारून सुचवतो. त्या वाटेला जाऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी त्यात तरतूद आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना १९९८च्या डीएमसीए कायद्याची अट लागू होते. हा लेख कुलूप नसलेल्या गोष्टींपुरता आहे.

आणि त्या गोष्टी थोड्या नाहीत. गेमिंग कन्सोलवरचा खेळ, स्वतःच्या कॅमेऱ्याचे फुटेज, पेनड्राइव्हवर असलेला आपलाच ५.१ मिक्स, मंडळाच्या किंवा नाट्यसंस्थेच्या कार्यक्रमाचे स्वतः केलेले थेट प्रक्षेपण बॉक्सवर कसे दिसते-ऐकू येते याची नोंद, अ‍ॅप बनवणाऱ्यांची चाचणी. यांत रेकॉर्डिंगला आडकाठी नाही. प्लेस्टेशन ५ वर मात्र एचडीसीपी स्वतः बंद करावे लागते: सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय, आणि तिथे ‘एनेबल एचडीसीपी’ बंद. ते बंद असेपर्यंत कन्सोलवरची चित्रपट-मालिकांची अ‍ॅप चालत नाहीत. तो बिघाड नव्हे, तशीच रचना आहे.

डीटीएच कंपनीच्या सेट-टॉप बॉक्सला हार्ड डिस्क लावून रेकॉर्डिंग करता येते, तेव्हा वाटते की झाले काम. पण ती फाइल बहुधा त्याच बॉक्सशी आणि त्यातल्या सबस्क्रिप्शनच्या कार्डाशी बांधलेली, सांकेतिक रूपात असते. डिस्क काढून संगणकाला लावली की विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारते. हो म्हणालात तर सगळे गेले. पुष्कळ स्मार्ट टीव्हींच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगची कथा हीच. बॉक्सवरच पाहणार असाल तर हा मार्ग सर्वांत सोपा आहे, कारण वाहिनीवरून आलेला आवाज त्यात जसाच्या तसा साठतो. ५.१ आले असेल तर ५.१ च राहते.

अ‍ॅपच्या ‘डाउनलोड’ बटणाचेही तेच. फाइल अ‍ॅपच्या कुलपात राहते आणि मुदत संपली की उघडत नाही.

बॉक्सच्या आतला स्क्रीन रेकॉर्डर

‘एवढी वायर कशाला, अ‍ॅन्ड्रॉइड टीव्हीवर स्क्रीन रेकॉर्डरचे अ‍ॅप टाकू’ हा विचार येतोच. आवाजाच्या बाबतीत तो दोन कारणांनी फसतो.

पहिले, दुसऱ्या अ‍ॅपचा आवाज पकडण्याची अधिकृत सोय अ‍ॅन्ड्रॉइड १० पासून आली, पण कोणत्याही अ‍ॅपला तिला नकार देता येतो. चित्रालाही ‘सुरक्षित’ असा शिक्का मारता येतो, मग रेकॉर्डरला काळी चौकट मिळते.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे आणि ते फारसे कुणी सांगत नाही. बॉक्स जेव्हा डॉल्बीचा आवाज न उलगडता, गाठोडे बांधलेलेच, पुढे रिसीव्हरकडे पाठवतो तेव्हा तो आवाज अ‍ॅन्ड्रॉइडच्या मिक्सरमधून जातच नाही. रेकॉर्डर मिक्सरपाशी कान लावून बसलेला असतो. म्हणून रिसीव्हरवर सहाही स्पीकर दणाणत असतात आणि रेकॉर्डिंगमध्ये शुकशुकाट. न उलगडता पाठवण्याचा हा ‘पासथ्रू’ बंद केला की आवाज मिळतो, पण तो जवळपास नेहमीच स्टीरिओ. थोडक्यात, सराउंड हवे असेल तर बॉक्सच्या बाहेर पडायलाच हवे.

आवाज बाहेर कसा पडतो

एचडीएमआयमधून आवाज दोन रूपांत जातो. एक, उलगडलेला म्हणजे पीसीएम. यात एकाच वायरीतून आठ चॅनलपर्यंत जाऊ शकतात. दुसरा, बांधलेला म्हणजे बिटस्ट्रीम: डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस वगैरे. तो उलगडण्याचे काम रिसीव्हर किंवा साउंडबार करतो.

बहुतेक कॅप्चर कार्डांना फक्त पीसीएम समजते. तेव्हा आपले ध्येय एका वाक्यात असे: बॉक्सने सहा चॅनल स्वतः उलगडून पीसीएम म्हणून द्यायला हवेत.

कार्डाला चुकून बिटस्ट्रीम दिला तर काय होते? कार्ड त्या आकड्यांना साधा आवाज समजते आणि कर्कश खरखर ऐकू येते, तीही पूर्ण पातळीवर. हेडफोन कानाला लावून पहिली चाचणी कधीच करू नका. स्पीकरचा आवाज अगदी खाली ठेवा. खरखर ऐकू आली तर कार्ड खराब नाही, बॉक्सची सेटिंग चुकली आहे.

सेटिंग कुठे असते ते बॉक्सगणिक बदलते.

गूगल टीव्ही आणि अ‍ॅन्ड्रॉइड टीव्हीवर ‘डिस्प्ले अ‍ॅन्ड साउंड’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड साउंड सेटिंग्ज’, आणि त्यात फॉरमॅट निवडण्याची सोय असते: ऑटोमॅटिक, काहीच नाही, किंवा मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये डॉल्बीच्या सगळ्या नोंदी बंद केल्या की पीसीएम उरतो. इथे गाडे अडते, कारण अनेक स्वस्त बॉक्ससाठी पीसीएम म्हणजे दोनच चॅनल. बॉक्स घेताना ‘मल्टिचॅनल पीसीएम’ मिळते का, एवढे नक्की पाहा. खोक्यावरच्या डॉल्बीच्या खुणेचा इथे उपयोग नाही. तो बॉक्स डॉल्बी पुढे पाठवू शकतो एवढाच कदाचित तिचा अर्थ असतो.

फायर टीव्हीवर ‘डिस्प्ले अ‍ॅन्ड साउंड्स’, ‘ऑडिओ’, ‘सराउंड साउंड’ या वाटेने पीसीएम निवडता येतो. तिथेही पीसीएम निवडणे म्हणजे सहसा स्टीरिओवर समाधान मानणे.

अ‍ॅपल टीव्ही ४के या बाबतीत सरळ आहे. तो डॉल्बीचा आवाज स्वतःच उलगडतो आणि समोरच्याने ‘मला सहा चॅनल चालतात’ असे सांगितले की मल्टिचॅनल पीसीएम देतो. फक्त ‘चेंज फॉरमॅट’ हे बटण बंद असू द्या. ते चालू करून डॉल्बी डिजिटल ५.१ निवडले की पुन्हा बिटस्ट्रीम सुरू.

कोडी या फाइली वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्वतःची फाइल वाजवत असाल तर सेटिंग्ज, सिस्टिम, ऑडिओ येथे चॅनलची संख्या ५.१ ठेवा आणि पासथ्रू बंद करा. कन्सोलमध्ये निन्टेंडो स्विच हे चाचणीचे उत्तम साधन आहे, कारण त्याचे सराउंड म्हणजे ५.१ पीसीएमच. त्यात डॉल्बीचा प्रश्नच येत नाही. प्लेस्टेशनवर आवाजाच्या फॉरमॅटमध्ये ‘लिनिअर पीसीएम’ला अग्रक्रम द्या आणि चॅनल ५.१ किंवा ७.१ निवडा.

याच वेळी आणखी एक काम उरकून घ्या: बॉक्सचे बटण-क्लिकचे आवाज, सूचना आणि स्क्रीनसेव्हर बंद करा. ‘नाइट मोड’ किंवा ‘आवाजाची पातळी सारखी ठेवा’ अशी सोय असेल तर तीही. नाहीतर स्फोट आणि कुजबूज एकाच पातळीवर येऊन बसतात आणि नंतर ते वेगळे काढता येत नाहीत.

ओळखपत्राचा घोळ: ईडीआयडी

बॉक्स चालू होताच समोरच्या उपकरणाचे ईडीआयडी वाचतो. कोणते रिझोल्यूशन चालेल, किती फ्रेम चालतील, आवाजाचे कोणते प्रकार आणि किती चॅनल चालतील, याची ती छोटीशी यादी असते. कार्डाच्या यादीत ‘पीसीएम, दोन चॅनल’ एवढेच लिहिले असेल तर बॉक्स सहाचे दोन करून मोकळा होतो. कुठेही सूचना येत नाही, लाल दिवा लागत नाही. सेटिंगमध्ये तुम्ही ५.१ निवडले असले तरीही.

मध्ये स्प्लिटर असेल तर घोळ वाढतो. काही स्प्लिटर पहिल्या आउटपुटवरच्या उपकरणाची यादी बॉक्सला दाखवतात, काही सगळ्या उपकरणांत जे सामाईक आहे तेच दाखवतात. एका बाजूला सात स्पीकरचा रिसीव्हर आणि दुसऱ्या बाजूला दोन स्पीकरचा टीव्ही असेल तर सामाईक म्हणजे दोन. म्हणून स्प्लिटर घेताना ज्याच्या अंगावर ईडीआयडीसाठी बारीक खटके आहेत असाच घ्या आणि खटका ५.१ वर ठेवा. खटके नसतील तर निदान रिसीव्हर पहिल्या आउटपुटला आणि कार्ड दुसऱ्याला लावून पाहा. बदल केल्यावर बॉक्सची वीज काढून पुन्हा लावा. नुसती एचडीएमआय वायर काढून घातल्याने काही बॉक्स जुनीच यादी धरून बसतात.

पण एक लक्षात घ्या: ओळखपत्र बदलले म्हणून कार्डाची कुवत वाढत नाही. दोनच चॅनल घेणाऱ्या कार्डाला सहा पाठवले तर पुढचे डावे-उजवे तेवढे मिळतात आणि मधल्या स्पीकरमधले संवाद गायब होतात. ‘पार्श्वसंगीत येते, माणसे बोलताना दिसतात, शब्द नाहीत’ अशी फाइल हातात आली की समजावे की सहापैकी दोनच पकडले गेले आहेत. अशा कार्डाला स्टीरिओच द्यावे, ते जास्त शहाणपणाचे. बॉक्स स्वतः दोन चॅनल बनवतो तेव्हा संवाद दोन्ही बाजूंत मिसळून येतात, हरवत नाहीत.

कार्ड निवडताना

पेनड्राइव्हएवढी, अगदी स्वस्तात मिळणारी एचडीएमआय-यूएसबी कांडी बहुतेक जण आधी घेतात. तिच्यातल्या अनेकांत एमएस२१०९ ही चिप असते. खोक्यावर ‘४के’ छापलेले असते ते आत येणाऱ्या सिग्नलबद्दल. संगणकाकडे जाते ते जास्तीत जास्त १०८०पी, ३० फ्रेम, आणि तेही आवळलेले. कारण साधे आहे: न आवळलेल्या १०८०पी ३० फ्रेमला सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट लागतात आणि यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ६० मेगाबाइट आहे. आवाजाची गंमत याहून मोठी. ही चिप संगणकाला सांगते की माझा आवाज एक चॅनल, ९६ किलोहर्ट्झ आहे. प्रत्यक्षात ते दोन चॅनल, ४८ किलोहर्ट्झ असतात, एकमेकांत गुंफलेले. सराउंडसाठी ही कांडी बाद समजा. ‘चित्र येते का’ एवढे पाहायला ठीक.

यूएसबी ३.० ची, गेमिंगसाठीची कार्डे चित्राच्या बाबतीत चांगली असतात, पण त्यांतलीही बरीच आवाज स्टीरिओच घेतात. काहींत ५.१ मिळते ते फक्त त्या कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये. ओबीएसमध्ये तेच कार्ड दोन चॅनल दाखवते. जाहिरातीतल्या ‘सराउंड पासथ्रू’ या शब्दांना भुलू नका. पासथ्रू म्हणजे कार्डातून पुढे टीव्हीकडे सराउंड जाते. रेकॉर्ड होते असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तांत्रिक माहितीच्या तक्त्यात ‘ऑडिओ कॅप्चर’ किंवा ‘रेकॉर्डिंग’ या ओळीत किती चॅनल लिहिलेत, ते वाचा.

डेस्कटॉप संगणक असेल तर ब्लॅकमॅजिकचे डेकलिंक मिनी रेकॉर्डर हा जुना, भरवशाचा पर्याय. एचडीएमआयमधून आठ चॅनल पीसीएम घेते, आणि एचडीसीपी असलेले काहीही घेत नाही, हे कंपनी स्वतःच लिहून देते. त्याची खोड एक: येणारा फॉरमॅट त्याला समजला नाही तर पडदा काळा. तेव्हा बॉक्सवर १०८०पी आणि ५० किंवा ६० हर्ट्झ असे पक्के नेमून द्या, ‘ऑटो’वर ठेवू नका, आणि मिनी रेकॉर्डरच्या ज्या मॉडेलला १०८०पी फक्त ३० फ्रेमपर्यंतच चालते ते घेतले असेल तर बॉक्स ७२०पी ५० वर आणा.

कार्ड हातात आल्यावर ओबीएस उघडण्याआधी विंडोजमध्ये एक मिनिटाची तपासणी करा. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रेकॉर्डिंग’ हा टॅब, तिथे कार्डावर दोनदा क्लिक, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. ‘डिफॉल्ट फॉरमॅट’च्या यादीत सहा किंवा आठ चॅनलची ओळ दिसते का? दिसली तर ती निवडा, ४८००० हर्ट्झ ठेवा. फक्त दोन चॅनलच्या ओळी असतील तर त्या ड्रायव्हरकडून ओबीएसला दोनच मिळणार, मग सेटिंगमध्ये कितीही उलथापालथ करा. डेकलिंकचा आवाज मात्र वेगळ्या मार्गाने येतो, त्याला ही कसोटी लावू नका.

ओबीएसमधली मांडणी

१. सेटिंग्ज, ऑडिओ येथे सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ आणि चॅनल ५.१ करा. ओबीएस बंद करून पुन्हा उघडा, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

२. याच पानावर डेस्कटॉप ऑडिओ आणि माइक ‘डिसेबल्ड’ करा. नाहीतर मेलची टिंग आणि घरातला कुकर दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये येतात.

३. सेटिंग्ज, व्हिडिओ येथे १९२० गुणिले १०८० ठेवा. फ्रेमची संख्या बॉक्सच्या हर्ट्झप्रमाणे. भारतातले प्रसारण ५० हर्ट्झचे आहे, त्यामुळे डीटीएचच्या बॉक्ससारखा स्रोत असेल तर ५० किंवा २५. तिथे ६० ठेवले की सरकती पट्टी आणि कॅमेऱ्याची आडवी हालचाल अडखळत दिसते. कन्सोलला ६०.

४. सोर्समध्ये ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ घ्या, डेकलिंक असेल तर त्याचा वेगळा सोर्स आहे तो घ्या. डेकलिंकच्या सोर्समध्ये चॅनलची संख्या स्वतंत्रपणे ५.१ करावी लागते. ती राहून जाते.

५. सेटिंग्ज, आउटपुट, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, रेकॉर्डिंग. फाइल एमकेव्ही. एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना वीज गेली तर साधारणपणे सगळी फाइल वाया जाते, एमकेव्हीत तोपर्यंतचा भाग शाबूत राहतो. एमपी४ हवीच असेल तर नंतर ‘रिमक्स’ करा, म्हणजे फाइलचे नुसते वेष्टन बदला, त्यात दर्जा कमी होत नाही.

६. चित्राला १२ ते २० मेगाबिट. आवाजाला एएसी, ५.१ साठी किमान ३८४ किलोबिट. यूट्यूबवर चढवायचे असेल तर त्यांची ५.१ साठीची शिफारस ५१२ किलोबिटची आहे, तेवढेच ठेवा.

७. मिक्सरमध्ये कार्डासमोर सहा पट्ट्या दिसायला हव्यात. नुसत्या दिसण्याला अर्थ नाही, हलतात का ते बघा. वरच्या दोनच हलत असतील तर घोटाळा मागे, बॉक्स-कार्डाच्या टप्प्यात आहे.

संवाद सबवूफरमधून येतात

सहा पट्ट्या हलल्या, फाइल तयार झाली, पण माणसे तळघरातून बोलावीत तशी घुमतात आणि मधल्या स्पीकरमधून नुसता गडगडाट. हा दोष इतका नेमका आहे की एकदा कळला की लगेच ओळखू येतो. एचडीएमआयमध्ये चॅनलचा क्रम असा: पुढचा डावा, पुढचा उजवा, सबवूफर, मधला, मग मागचे दोन. संगणकावरच्या बहुतेक फाइलींत तिसरा मधला आणि चौथा सबवूफर. ड्रायव्हरने अदलाबदल केली नाही की संवाद सबवूफरला जातात.

डेकलिंकच्या सोर्समध्ये नेमकी ही अदलाबदल करण्याची एक खूण आहे, ती लावा. इतर कार्डांत कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधा. रेकॉर्डिंग होऊन गेले असेल तरी हात टेकू नका: ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की सहा पट्टे वेगळे दिसतात. तिसऱ्या-चौथ्याची जागा बदलून पुन्हा सहा चॅनल म्हणून निर्यात करा. ऑडॅसिटीला अशा फाइली उघडायला एफएफएमपेगची (चित्र-आवाजाचे फॉरमॅट बदलणाऱ्या साधनाची) जोड लागते, ती आधी बसवून घ्या.

दोन मिनिटांची चाचणी

खरे रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी चॅनलची ओळख सांगणारी चाचणी-फाइल बॉक्सवर वाजवा: ‘फ्रंट लेफ्ट’, ‘सेंटर’ असे एकेका स्पीकरमधून नाव उच्चारणारी. ती मिळाली नाही तर ऑडॅसिटीत स्वतः बनवा: सहा पट्टे, प्रत्येकावर वेगवेगळ्या वेळी आपल्याच आवाजात नाव. दोन मिनिटे रेकॉर्ड करा आणि तीन गोष्टी बघा.

व्हीएलसीमध्ये फाइल लावून ‘कोडेक माहिती’ उघडा, तिथे आवाजाच्या ओळीत चॅनलची मांडणी दिसते. किंवा मीडियाइन्फोमध्ये चॅनलची संख्या. सहा असायला हवे. पण ओबीएसला ५.१ सांगितले असेल तर आत दोनच चॅनलचा आवाज असूनही फाइल सहाचीच बनते, उरलेले चार नुसते कोरे. म्हणून ऑडॅसिटीत लाटा डोळ्यांनी पाहा. सपाट रेघ म्हणजे तो चॅनल रिकामा. आणि शेवटी रिसीव्हरवर वाजवून रिमोटवरचे ‘इन्फो’ दाबा: आत काय येते आहे ते तिथे लिहून येते. सगळे स्पीकर वाजत आहेत याचा अर्थ ५.१ येत आहे असा नाही. रिसीव्हर स्टीरिओचेही सराउंड करून सगळीकडे पसरवतात, आणि महिनोन्‌महिने त्यावरच समाधान मानणारे लोक असतात.

कुणी टाळी वाजवतानाचे एखादे दृश्य लावून चित्र आणि आवाज जुळतात का, तेही याच वेळी बघा. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असेल तर ओबीएसच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिंक ऑफसेट’ मिलिसेकंदांत भरा. फरक हळूहळू वाढत जात असेल तर ऑफसेटने काही होणार नाही. विंडोज, कार्ड आणि ओबीएस तिन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ आहे का पाहा, आणि ओबीएस फ्रेम गाळते आहे का तेही ‘स्टॅट्स’मध्ये पाहा. यासाठी मात्र दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग पुरत नाही, अर्ध्या तासाचे करा.

जागेचा हिशेब

१२ मेगाबिट चित्र आणि ५१२ किलोबिट आवाज धरला तर तासाला साधारण ५.६ जीबी. दोन तासांचे नाटक ११ जीबीच्या पुढे. आवाज न आवळता, ५.१ पीसीएम १६ बिटमध्ये ठेवायचा तर एकट्या आवाजाला तासाला सुमारे २ जीबी लागतात. संपादन करणार असाल तरच ती चैन करा.

डिस्क एफएटी३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. वरच्या दराने ४५ मिनिटांत रेकॉर्डिंग तुटते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

डॉल्बी जसाच्या तसा हवा असेल तर

एक आडवाट आहे. बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि संगणकाला ऑप्टिकल इनपुट असलेले साउंड कार्ड असेल, तर डॉल्बी डिजिटलचा बांधलेला आवाज ‘खरखर’ म्हणूनच रेकॉर्ड करता येतो. तो एका डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनल असा बसतो, आणि नंतर एफएफएमपेग त्यातून ५.१ चा डॉल्बी जसाच्या तसा बाहेर काढते. अट एकच, पण कडक: एकही आकडा बदलता कामा नये. विंडोजचा आवाज शंभरावर, इफेक्ट बंद, सॅम्पल रेट बदलणे बंद. जरा कुठे पातळी हलली की गाठोडे कायमचे बिघडते. चित्र वेगळे रेकॉर्ड होते आणि नंतर जुळवावे लागते. हौस दांडगी असेल त्यांच्यासाठी.

हे जुन्या डॉल्बी डिजिटललाच जमते, ज्याची कमाल ६४० किलोबिट आहे. स्ट्रीमिंगवर आज जास्त चालतो तो डॉल्बी डिजिटल प्लस. त्याच्या वाहतुकीला चौपट वेगाचा मार्ग लागतो आणि ऑप्टिकल वायरीच्या नियमांत तो बसत नाही. बॉक्सने प्लसचे साध्या डॉल्बीत रूपांतर करून दिले तर ठीक, नाहीतर स्टीरिओ. आणि अ‍ॅटमॉस? उंचीवरच्या आवाजांची माहिती प्लसच्या पोटात वेगळी जाते. उलगडून पीसीएम केले की ५.१ किंवा ७.१ चे नेहमीचे चॅनल उरतात, छतावरचा पाऊस खाली येतो. तो पुन्हा वर नेणारी सोय ओबीएसमध्ये नाही.

एक वास्तवही सांगायला हवे: मुळातला आवाजच दरवेळी सारखा नसतो. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे त्यांचे ५.१ वेगानुसार १९२ ते ६४० किलोबिटच्या दरम्यान बदलते. स्वतःचे थेट प्रक्षेपण तपासत असाल तर तेही हिशेबात घ्या. नेट मंद असताना केलेली चाचणी कार्डाबद्दल काही सांगत नाही.

अँटेनावाल्यांचे बरे आहे

अमेरिकेत राहणाऱ्यांना स्थानिक वाहिन्या अँटेनावर मिळतात आणि तिथे डॉल्बी डिजिटल ५.१ चा आवाज प्रसारणातच असतो. एचडीहोमरनसारखा नेटवर्क ट्यूनर तो प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो. उलगडणे नाही, पुन्हा बांधणे नाही, ईडीआयडीची भानगड नाही. नव्या एटीएससी ३.० प्रसारणात मात्र एसी-४ हा वेगळा प्रकार आहे आणि पुष्कळ वाहिन्यांनी कुलूपही लावले आहे, त्यामुळे जुन्या एटीएससी १.० च्याच प्रसारणावर काम करा.

भारतात डीडी फ्री डिशच्या कुलूप नसलेल्या वाहिन्या साध्या फ्री-टू-एअर बॉक्सवरून पेनड्राइव्हवर टीएस फाइल म्हणून उतरतात, संगणकावर चालतातही. पण आवाज तिथे स्टीरिओ असतो. सराउंडच्या शोधात तिकडे जाऊ नका.

फाइल तयार, टीव्ही ऐकत नाही

संगणकावर सहा चॅनल नीट वाजतात, पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की पुन्हा दोन. टीव्ही एएसी ५.१ उलगडतो, पण साउंडबारकडे जाणाऱ्या साध्या एआरसीमधून (एचडीएमआयमधली टीव्हीचा आवाज बाहेर पाठवण्याची वाट) पीसीएम दोनच चॅनल जाते. तिची सुधारित आवृत्ती, ईएआरसी, असेल तर सहा जाऊ शकतात. नसेल तर फाइलचा आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये, ६४० किलोबिटवर बदलून घ्या. एफएफएमपेग किंवा हँडब्रेकमध्ये होते, आणि एफएफएमपेगमध्ये चित्राला हात न लावता ‘कॉपी’ सांगितले की दोन तासांची फाइलही काही मिनिटांत उरकते. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पासथ्रू’ किंवा ‘ऑटो’ करा. डीटीएसमध्ये बदलू नका, कारण अनेक टीव्ही ते वाजवतच नाहीत. मूळ एमकेव्ही मात्र ठेवून द्या. पुढे ईएआरसीचा टीव्ही आला तर तीच चालेल.